रजा नाकारली

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण सुश्रुत माझा सख्खा मावसभाऊ आहे, आणि असलं काही मनाने रचायची अक्कल देवाने त्याला दिलेली नाही.

गेल्या ऑगस्टमधला रविवार. इंग्लंडमधल्या मेडनहेडपासून वीस मिनिटांवरचं नदीकाठचं शेत. दुपारचे दोन.

हो, दुपारचे. लख्ख ऊन होतं. मला तर त्याचीच जास्त भीती वाटते.

सुश्रुत ब्रॅकनेलला आयटी कंपनीत टीम लीड आहे. बायको वैभवी आणि चार वर्षांची तनू नागपूरला होत्या. व्हिसाच्या भानगडीत अकरा महिने गेले. त्या रविवारी दोघी येणार होत्या. विमान चारला हीथ्रोला उतरणार होतं. आठवडाभर हा माणूस धड जेवला नव्हता, नुसता तनू-तनू करत होता.

मग विमानाच्या दिवशी शेतात काय करत होता? हौस, दुसरं काय.

शशीकाका म्हणून आहेत, मूळचे पुण्याचे, चाळीस वर्षं इथे. त्यांचा क्लब दर उन्हाळ्यात जुन्या इंग्रजी यादवी युद्धाची छावणी उभारतो. राजाची फौज विरुद्ध पार्लमेंटची. तंबू, चुली, लोकरी कोट, लुटुपुटूच्या लढाया. लोक तिकीट काढून बघायला येतात. एकट्या जिवाचा वीकेंड सरतो म्हणून सुश्रुतही जायचा. त्या वर्षी त्याला कॅप्टन केलं होतं.

दुपारी एक छोटा प्रसंग करून दाखवायचे. नेड नावाचा शिपाई कॅप्टनकडे रजेचा अर्ज घेऊन येतो. घरी मुलगी तापाने फणफणलीय, दोन दिवस जाऊ द्या, म्हणतो. खऱ्या युद्धात म्हणे कॅप्टनने तो अर्ज फाडला होता. नेड पळाला, सापडला, आणि याच शेताच्या कडेला त्याला फासावर दिलं. मुलगीही गेली.

क्लबात मात्र कॅप्टन रजा देतो. दरवर्षी. शशीकाकांनी सकाळीच बजावलं होतं.

"हे बघ, गमतीतसुद्धा नाही म्हणायचं नाही. 'घरी जा', एवढंच बोलायचं."

"काका, तुम्हीपण ना... बरं, ओके."

दोन वाजता शिपाई आला.

टोपी खाली ओढलेली. कोट चिंब ओला, चिखलाने भरलेला...

महिनाभर पावसाचा थेंब नव्हता.

सुश्रुतचं सगळं लक्ष घड्याळाकडे. कागद पुढे आला. समोर शंभरेक प्रेक्षक, आणि पठ्ठ्याला विनोद सुचला. ऑफिसात पोर्टलवर रोज लोकांच्या रजा नाकारतो, जिभेला सवयच ती.

"सॉरी मेट. रिक्वेस्ट डिक्लाइन्ड. बिझनेस नीड्स."

लोक खो-खो हसले.

शिपायाने मानही वर केली नाही. कागद टेबलावर ठेवून तो तंबूमागे गेला...

शशीकाकांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"सुश्रुत, नेडचं काम करणारा डेव्हिड आजारी आहे. आज हा प्रसंग होणारच नव्हता. तुला सांगायलाच येत होतो."

"मग तो कोण होता?"



सुश्रुतला निघायची घाई. कपडेही न बदलता तो पार्किंगकडे गेला. कुंपण ओलांडलं, फाटकातून बाहेर पडला...

आणि समोर छावणी.

वाट चुकली असेल म्हणून परत फिरला. कुंपण. फाटक. छावणी.

तिसऱ्यांदा तेच.

मग त्याच्या लक्षात आलं, आवाजच नाहीयेत. प्रेक्षक नाहीत. डोक्यावरून दर दोन मिनिटांनी जाणारी विमानं नाहीत. चुली पेटलेल्या, तंबू रिकामे. फोनला रेंज नाही. फक्त लांब कुठेतरी एक ढोल... थांबून थांबून.

त्याची पाचावर धारण बसली. तो चक्क रडायला लागला.

"माझी मुलगी येतेय. मला जाऊ द्या."

मानेमागून कुणीतरी हळूच म्हणालं...

"बिझनेस नीड्स."

आवाज त्याचा स्वतःचा होता.

शशीकाकांना तो साडेसातला सापडला, त्याच फाटकाशी बसलेला. पाच तास सगळे तिथूनच ये-जा करत होते. कुणालाही दिसला नव्हता. फोन सुरू झाला तसा त्याने वैभवीला लावला.

"वैभवी, सॉरी, मी अडकलो होतो. कुठे आहात तुम्ही?"

"हा काय चावटपणा, सुश्रुत? वरच्या खोलीतून फोन कसला करतोस? आणि हळू बोल, तनू आत्ता झोपलीय."

"मी... वर?"

"मग कोण? एअरपोर्टलाही तो छावणीतला ड्रेस घालूनच आलास. टॅक्सीत तोंडातून शब्द नाही. तासभर तिला मांडीवरून उतरवलं नाहीस. आधी तो कोट काढ, सगळा ओला आहे."

त्याने गाडी कशी हाणली, त्याचं त्यालाच ठाऊक. वरच्या खोलीत तनू एकटी झोपली होती. खिडकी आतून बंद. पलंगाची कड ओलीचिंब होती आणि खाली चिखल.

तनूने डोळे उघडले, सुश्रुतकडे पाहिलं, आणि जी किंचाळली...

तिला ना ताप आला, ना काही इजा झाली. खाते, खेळते, शाळेत जाते. फक्त सुश्रुतजवळ जात नाही. अकरा महिन्यांनी भेटलीय, होईल सवय, असं सगळे म्हणाले. आठ महिने झाले. ती त्याला काका म्हणते. ऑफिसात आता तो कुणाचीही रजा अडवत नाही, पण त्याने काही फरक पडलेला नाही.

परवा मी लंडनमधल्या एजवेअरहून त्यांच्याकडे गेले होते. दुपारी तनू कोट-बूट घालून पायरीवर बसली होती.

"कुठे चाललीस गं?"

"बाबा न्यायला येणारेत."

सुश्रुत दाराला पाठ लावून उभा होता. माझ्या देखत त्याने कडी तपासली. दोनदा. तनूने त्याच्याकडे पाहिलं आणि अगदी शहाण्या मुलीसारखं म्हणाली,

"काका, दार उघडा ना. बाबा बाहेर उभे आहेत."

आम्ही दार उघडलं नाही. बाहेर कोणी होतं की नाही, हे मी बघितलं नाही. बघायची हिंमतच झाली नाही.