नऊ भित्रे मासे, दोन लबाड

"दिवा लावू नका!"

हे तिला ऐकू यायला आणि बटणावर बोट पडायला एकच गाठ पडली. दवाखान्याची बाहेरची खोली लख्ख उजळली, कोपऱ्यातल्या काचेच्या टाकीत पाणी उसळलं आणि नऊ चंदेरी माशांपैकी एक असा उडाला, असा उडाला, की छताला टेकूनच खाली आला. तिची मावशी म्हणते हातभर उडाला असेल. पण मावशी तेव्हा तिथे होती कुठे? खाली आला तो थेट तिच्या ओढणीत.

"हलू नका..." टाकीत कोपरापर्यंत हात घातलेला एक उंच तरुण कुजबुजला.

"मी कुठे हलतेय? हाच हलतोय!"

तो आला, ओल्या ओंजळीत अलगद मासा घेतला आणि पाण्यात सोडला. मग वर बघितलं. त्याच्या भुवईवर पाण्याचा एक थेंब अडकला होता. पडेल, पडेल असं वाटायचं, पण पडत नव्हता. ती आपली त्या थेंबाकडेच बघत राहिली.

"सकाळी सकाळी अंधारात काय चाललंय तुमचं?" तिने शेवटी दरडावलं.

"टाकी साफ करतोय. यांना एकदम उजेड सोसत नाही. झोपेतून उठवून तुमच्या तोंडावर कुणी बॅटरी मारली, तर?"

"मी त्याला चोपेन."

"यांना हात नाहीत ना. म्हणून उड्या मारतात बिचारे."

तो दवाखाना तिच्या मावशीचा, दातांचा. भाचीबाई त्याच दिवशी बाहेरच्या टेबलावर बसायला लागल्या होत्या. टाकी ठेवली होती पेशंटची भीती जावी म्हणून. पण ते मासे असले भित्रे, की पेशंटच त्यांना धीर द्यायचे. कुणी शिंकलं की नऊच्या नऊ टाकीतल्या झाडामागे पसार!

पुढच्या खेपेला टाकीवाल्याने तिला सरळ कामालाच लावलं.

"हा टॉवेल काचेवर धरा. तीन बाजू झाकल्या की त्यांना घरात असल्यासारखं वाटतं. चौथ्या बाजूने मी हात घालतो, हळूच. पाहुणा कसा चप्पल काढून दबकत येतो, तसा."

"मग पाहुण्याने मासे बाहेर का नाही काढले? आधी सगळं पाणी ओतून, घासूनपुसून..."

"अहो, घर एका दिवसात लखलखीत केलं, तर त्यांना ते परकं वाटेल. थोडंच पाणी बदलायचं. तेही रात्रभर बादलीत ठेवलेलं, त्यांच्याच पाण्याइतकं कोमट." तो अगदी हळू बोलत होता, एखाद्या बाळाजवळ बसल्यासारखा. "आता दहा मिनिटं हलायचं नाही. हसायचं तर मुळीच नाही."

आणि एवढं बजावून गडी मुद्दाम हसवायचा! त्यातल्या सगळ्यात फुगलेल्या मासोळीचं नाव त्याने ठेवलं होतं जाऊबाई. "जाऊबाई आज रुसल्यात. शेजारणीने दाणा जास्त खाल्ला म्हणे." भाचीबाई ओठ दाताखाली धरून उभ्या, टॉवेल मात्र थरथरतोय.

"मॅडम, टॉवेल हसतोय."

"तुम्ही गप्प बसाल का?"

"बसतो. पण मग तुम्ही माझ्याकडे बघायच्या नाहीत."

तिने चटकन मान फिरवली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या, त्या काही टॉवेलमागे लपल्या नाहीत.

मग तो दर गुरुवारी यायला लागला. तिचा गुरुवार बुधवारीच सुरू व्हायचा. केस धुणं, ओढणी निवडणं आणि... खोटं कशाला सांगा, बुधवारी संध्याकाळी माशांना दोन चिमट्या दाणा जास्त. तो दाणा खाली बसायचा, कुजायचा, गुरुवारी पाणी गढूळ दिसायचं. टाकीवाला काचेला नाक लावून म्हणायचा, "अरेरे, पुढच्या आठवड्यात पुन्हा यावं लागणार." आणि ती तोंडभर काळजी आणून म्हणायची, "हो ना... काय करणार!"

दोन महिने असे लाडात गेले. माशांचं मात्र हसू पळालं. दाणा टाकला तरी वर येईनात. कुणी नुसतं समोरून गेलं तरी काचेवर धडका द्यायला लागले. एका गुरुवारी जाऊबाईंनी असं डोकं आपटलं की नाकाची सालच निघाली.

मावशी तोंडावरचा मास्क खाली ओढून बाहेर आली. "या माशांना बघून माझ्या पेशंटचे दात वाजायला लागलेत. नसलेले सुद्धा! हे बघ, पुढच्या गुरुवारी एकाने जरी डोकं आपटलं, तर टाकी चष्म्याच्या दुकानात द्यायची. तो दुकानदार कधीचा मागतोय."

"आणि टाकीवाला?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"टाकी नाही तर टाकीवाला इथे काय दाढ काढायला येणार आहे?"

तो आठवडा तिने कसा काढला ते तिचं तिलाच माहीत. बुधवारी दाण्याची डबी हातात घेतली आणि तशीच ठेवून दिली.

गुरुवार उजाडला. दिवे मालवले, टॉवेल लागले. बाहेर एकच पेशंट होते, गाल टोपीएवढा सुजलेले एक आजोबा. तेही अंधारात चुपचाप बसले. टाकीवाल्याने बाही दुमडली, हात पाण्यावर नेला... आणि तिथेच थांबला.

आत जाऊबाई झाडामागे थरथरत होत्या.

"मी हात घालणार नाही," तो म्हणाला.

"अहो, मग टाकी जाईल!"

"घातला तर नक्की जाईल. यांना घाबरवणारा मीच आहे." तो टाकीकडेच बघत बोलत होता. "टाकी महिन्यातून दोनदा साफ केली की पुरते. दर आठवड्याला कुणी तुमच्या घरात हात घालून सामान हलवलं, तर तुम्हाला झोप लागेल? मला हे ठाऊक होतं. तरी येत होतो. कारण... गुरुवार सोडला तर मला दुसरा वार आवडत नाही."

तिच्या हातातला टॉवेल खाली सरकला. सांगावं? सांगितलं तर हा काय म्हणेल? पण नाकाची साल निघालेली ती मासोळी समोर दिसत होती.

"पाणी गढूळ व्हायचं ना..." ती पुटपुटली. "ते मी करत होते. दाणा जास्त टाकून. तुम्ही यावं म्हणून."

तो वळला. "दर बुधवारी?"

"दर बुधवारी."

"मी घरी जाऊन पुस्तकं चाळत होतो, गढूळ का होतं म्हणून! अगं लबाडे!"

"आणि तुम्ही मोठे साधे! दोनदा पुरतं म्हणे!"

दोघं हसायला लागले, तोंड दाबून, खांदे हलवत.

"काय चाललंय?" मावशी दारात उभी होती. कधीपासून, देव जाणे. दोघांनी माना खाली घातल्या आणि सगळं कबूल केलं, दाण्याच्या चिमट्यांसकट. मावशीने एकदा माशांकडे बघितलं, एकदा भाचीकडे.

"पंधरा दिवस या टाकीला कुणी बोट लावायचं नाही. दाणा मी टाकणार. टाकी इथेच राहील." जाता जाता ती थांबली. "आणि तुम्हा दोघांना एकमेकांना बघायचंय, तर सरळ बघा ना! माशांना कशाला मध्ये घेता?"

दार लागलं. अंधारात पाण्याचे बुडबुडे तेवढे बोलत होते.

"पंधरा दिवस..." तो म्हणाला.

"सुट्टी टाकीला आहे. मी रोज सहाला सुटते."

"आज सुद्धा?"

"आज तर पावणेसहाला."

त्याचा हात अजून तसाच पुढे होता, बाही दुमडलेला, कोरडा. तिने तो धरला. पहिल्यांदाच त्याला विनोद सुचला नव्हता.

आतून मावशीची हाक आली, "पुढचा पेशंट पाठव गं!"

तिला ती ऐकूच आली नाही. मग सुजल्या गालाचे आजोबाच हात वर करून म्हणाले, "असू द्या डॉक्टर, घाई नाही. दाढ ठणकायची थांबलीय."