तुला पाणी हवं?

माझा भाऊ निहार साडेतीन वर्षांचा. त्याला पाहुणचाराचं भारी वेड आहे, असं आम्हाला वाटायचं. कुणीही आलं की हा पुढ्यात जाऊन विचारणार, "तुला पाणी हवं?" पाहुणे खूश! पण त्यांनी "नको रे राजा, आत्ताच चहा झाला," म्हटलं रे म्हटलं, की निहार भोकाड पसरायचा. आता यात रडण्यासारखं काय आहे, सांगा!

"हट्टी आहे, दुसरं काय," आजोबा म्हणायचे. आईचा मात्र चेहरा उतरायचा. हाक मारली तरी निहार वळून बघत नसे, आणि खेळण्यातल्या गाडीचं एकच चाक तासन् तास फिरवत बसे.

म्हणून आम्ही त्याला बालविकास केंद्रात नेलं. तिथे ठकी नावाची रोबो होती, लाकडी बाहुलीसारखी रंगवलेली. मी तिला आधीच बजावलं, "माझ्या भावाला नापास केलंस तर बघ हं!"

"अगं शाल्मली, ही परीक्षा नाहीच," ठकी म्हणाली. "मी फक्त बघते आणि टिपून ठेवते. ठरवतात डॉक्टर."

आधी निहारचे कान तपासले. ते ठणठणीत होते. मग ठकीने साबणाचे फुगे उडवले. या वयाची बरीच मुलं फुगा दिसला की बोट दाखवतात, आईकडे बघतात. निहारने आनंदाने हात फडफडवले, पण आईकडे पाहिलं नाही. डॉक्टर देसाईबाईंनी आईला तो तान्हा असल्यापासूनचं सगळं विचारलं. चार खेपा झाल्या! मी वैतागले, तर ठकी म्हणाली, "एकाच खुणेवरून काही ठरवायचं नसतं."

चौथ्या खेपेला निहारने ठकीलाच विचारलं, "तुला पाणी हवं?"

मी खो खो हसले. रोबोला पाणी! ठकीने मात्र पेला भरून त्याच्या हातात दिला. त्याने तो घटाघटा संपवला.

"आई त्याला पाणी देताना काय म्हणते?" ठकीने विचारलं.

"तुला पाणी हवं... अय्या!"

"त्याने तेच वाक्य उचललं. याला प्रतिध्वनी-बोली (ऐकलेलं जसंच्या तसं म्हणणं) म्हणतात. तू बोललीस की 'मला' म्हणजे शाल्मलीला, मी बोलले की 'मला' म्हणजे ठकीला. ही अदलाबदल त्याला अजून उमगलेली नाही."

म्हणजे बिचारा इतके दिवस तहानलेला राहिला, आणि आम्ही त्याला हट्टी म्हणत होतो!

देसाईबाईंनी सगळी टिपणं जुळवून सांगितलं, "निहारला ऑटिझम (स्वमग्नता) आहे. हा आजार नाही, त्याच्या मेंदूची घडण वेगळी आहे. लवकर कळलं, छान झालं. त्याला बोलायला शिकवू, आणि तुम्हाला त्याचं ऐकायला."

त्या संध्याकाळी कुकरची शिट्टी झाली. निहार कानांवर हात ठेवून माझ्याकडे धावत आला. "तुला कुशीत घेऊ?"

हे तो नेहमी विचारायचा. आणि मी नेहमी म्हणायचे, "नको, मी काय कुक्कुलं बाळ आहे?" आठवून मला रडूच आलं.

"हो, ये," मी म्हटलं आणि त्याला घट्ट जवळ घेतलं. मग त्याच्या कानात हळूच म्हटलं, "मला कुशीत घे."

असं म्हणायला तो शिकेल. त्याचं म्हणणं मला तर आत्ताच कळतंय ना!