न विरघळलेली माती

तानाबाई हात आडवे करून जीपसमोर उभी राहिली, तसा कारभारीनं ब्रेक दाबला.

"माहा मालक गुहेत जाऊन बसला, बाई! आज थे खाणवाले डोंगर उडवून राह्यले!"

तिनंच काल फोन करून खामगावहून धम्मशीलाला बोलावलं होतं. धम्मशीला खासगी तपास करायची. कारभारी तिचा जोडीदार, निवृत्त हवालदार. तानाबाईचा नवरा पुंजाजी सोनाळ्याच्या डोंगरातल्या गुहेचा राखणदार. तिथली आदिमानवाची जळकी दगडी हत्यारं त्यानंच दाखवली होती. आता प्रयोगशाळेचा निकाल आला, दगड याच वर्षी तापलेत. म्हणजे पुंजाजीनं ते भाजून पुरले. गावानं त्याला लबाड ठरवलं आणि डोंगर खाणीला मोकळा झाला.

डोंगराखालच्या तंबूत खाणमालक रामराव बसले होते. वर गुहेच्या तोंडाशी सुरुंगाच्या तारा लोंबत होत्या.

"त्याले खाली आणा, बाई. मले खून नाई करायचा," रामराव म्हणाले. "पण थांबणार बी नाई. मॅडमनंच पहिले लिहून देल्लं होतं, डोंगरात काई नाई म्हणून. म्या त्यावरच मशिनी आणल्या."

मॅडम म्हणजे शेजारीच बसलेल्या उत्खननप्रमुख डॉ. प्राची, पुण्याच्या. त्यांचा आवाज थंड होता.

"दगड कडक तापला की त्यातलं घड्याळ शून्यावर येतं. मग मातीतल्या किरणोत्सारानं ते हळूहळू भरतं. या दगडांचं रिकामंच निघालं. यंत्राला कुणाची भीड नसते."

"दगड कोणाच्या ताब्यात होते?"

"माझ्या. काळ्या पाकिटांत, पेटीत. चावी माझ्याच गळ्यात. चिकटलेली मातीसुद्धा मी कुणाला पुसू दिली नाही, तिचंही मोजमाप लागतं."

प्रयोगशाळेतून परत आलेला एक दगड मेजावर होता, माती अजून चिकटलेली. धम्मशीलानं तो पाण्याच्या पेल्यात टाकला. पाणी नितळच राहिलं.

"तहान लागली का त्याले?" कारभारीनं विचारलं.

प्राचीची विद्यार्थिनी डिंपल मोबाइलवर फोटो दाखवू लागली. जमिनीतून निघतानाचा तोच दगड, अंगावर काळीभोर माती.

"पाकिटं प्रयोगशाळेत कधी गेली?" धम्मशीलानं विचारलं.

"रोडग्यांच्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी. कणकेचे रोडगे भाजायला गोवऱ्यांचा मोठा जाळ केला होता. मी वाढत होते, रामरावकाका पंगतीत आग्रह करत होते. पुंजाजीमामा वर राखणीला, त्यांचं ताट मीच नेलं."

"आणि मॅडम?"

"जेवल्या नाहीत. थंडी वाजते म्हणून निखाऱ्यांपाशी बसून राहिल्या."

वर सुरुंगाच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला. तानाबाई गुहेकडे तोंड करून हाका मारू लागली.

धम्मशीलानं पेला उचलला. "कारभारी, फोटोत माती काळी. या दगडावरच्या मातीचा रंग?"

"लाल."

"पाण्यात विरघळतही नाही. वीट झालीय तिची. पुंजाजीनं भाजून पुरले असते, तर वर चिकटलेली माती काळीच राहिली असती. हे दगड मातीसकट भाजलेत, म्हणजे उकरल्यानंतर."

"मंग रामरावनं!" कारभारी म्हणाला.

"त्यानं नदीत फेकले असते. भाजल्यानं घड्याळ पुसलं जातं हे ठाऊक असलेलं माणूस पाहिजे. गळ्यात पेटीची चावी पाहिजे. पंगत बसलेली असताना निखाऱ्यांपाशी एकटं असायला पाहिजे. डिंपलकडे चावी नव्हती, शिवाय ती वाढत होती." ती वळली. "डॉक्टर, डोंगर न बघता सही केलीत. पुंजाजीच्या दगडांनी ती खोटी पाडली असती. भाजलं चोख, पण माती न पुसण्याची हातांची सवय सुटली नाही."

पुण्याची पदवी होती, म्हणून आजवर कुणी प्राचीला साधा प्रश्नही विचारला नव्हता.

"एका राखणदारापायी माझं सगळं आयुष्य..." प्राची पुटपुटली.

"त्याचं तर तुम्ही सुरुंगाखाली ठेवलं होतं."

रामराव चप्पल न घालताच बाहेर धावले. "थांबा बे! तारा काढा! कोणी हात लावू नका!"

भोंगा बंद पडला. बऱ्याच वेळानं पुंजाजी उतरून आला. काळ्या दुपट्ट्यात त्यानं मातीसकट एक दगड घट्ट गुंडाळला होता. डिंपलनं हात पुढे केला. पुंजाजीनं गाठ आणखी आवळली.

"नाई पोरी. मोजा, खुशाल मोजा. पण आता जिथं हा जाईन, तिथं मी जाईन."

कारभारीनं त्याच्यासाठी जीपचं मागचं दार उघडलं.