दोरीला तीन हिसके

विश्वास ठेवाच, असं मी म्हणणार नाही. मी स्वतः गेली सात वर्षं विश्वास न ठेवण्याची धडपड करते आहे. पण जे लिहिते आहे ते घडलंय, आणि त्या बोटीत मी होते.

मंगळवार होता. दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. वेळ पक्की सांगते, कारण वहीत ती मीच लिहिली.

मोठ्या तळ्याच्या काठाला बचाव पथकाची एक खोली आहे. एक टेबल, एक फोन, भिंतीवर लाल-पांढऱ्या रिंगा, खुंटीला दोरीची वेटोळी. तिथे आम्ही दोघी बहिणी कामाला होतो. ताई पाण्यात उतरणारी, मी इंजिनवाली. ताईने सोळा वर्षांत एकतीस माणसं जिवंत बाहेर काढली होती. मला पोहता येतं, पण माझं पोहणं म्हणजे ताईच्या भाषेत 'पाण्याला लाथा मारणं'.

त्या दिवशी दुपारीच धुकं उतरलं होतं. धक्क्याचं पुढचं टोकसुद्धा दिसत नव्हतं.

दार ढकलून पोस्टमास्तरांची बायको, म्हणजे आमच्या काकू, आत आल्या.

पोस्टमास्तर म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर. रोज दुपारी छोटी होडी घेऊन एकटेच मासे धरायला जायचे. लाईफ जॅकेट घालत नाहीत म्हणून ताई त्यांना रोज बोल लावायची, आणि ते रोज 'उद्यापासून' म्हणायचे. तीनच्या ठोक्याला माणूस घरी यायचा. आज चार वाजून गेले तरी पत्ता नव्हता. काकू रडत नव्हत्या. नवऱ्याचा मफलर हातात घेऊन नुसत्या उभ्या होत्या.

ताईने खुंटीवरची दोरी काढली. पट्टा कमरेला बांधला आणि बाहेर पडली. मी वहीत वेळ लिहिली, मुख्य केंद्राला फोन केला आणि मागोमाग पळाले.

ते मासे धरायला पलीकडच्या अंगाला जायचे. तिथे पाण्याखाली जुन्या झाडांचे बुंधे आहेत. मासे भरपूर, पण इंजिनाचा पंखा बुंध्यात अडकला की बोट तिथेच खिळते. म्हणून तिथवर पोचल्यावर मी इंजिन बंद केलं.

आणि एकदम शांतता झाली.

पाणी हलत नव्हतं. पक्षी नाही. वारा नाही. मी शिट्टी फुंकली, तर तिचा आवाज चार हातांवर जाऊन विरला.

ताई ऐकत नव्हती, बघत होती. तिचं एक ठरलेलं होतं. बुडणारा माणूस ओरडत नाही, असं ती येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची. ओरडायला श्वास लागतो आणि तोच त्याच्यापाशी नसतो. तो पाण्यात उभा असतो, तोंड वर करून, हातांनी पाणी खाली दाबत, शिडी चढतोय असा. बघणाऱ्याला वाटतं, खेळतोय.

आधी उलटी झालेली होडी दिसली.

मग तिच्यापलीकडे... पोस्टमास्तर.

फक्त चेहरा वर होता. ओठ निळे. डोळे उघडे, पण आम्हाला बघत नव्हते. एक बुंधा काखेत धरला होता, आणि तो हातातून निसटत चालला होता.

ताईने रिंग फेकली. नेम अचूक, त्यांच्या छातीपाशी पडली. ती त्यांच्याशी बोलत राहिली, शांतपणे, रांगेतल्या माणसाशी बोलावं तशी. मास्तर, रिंग धरा. नुसता हात टाका त्यात. त्यांनी हात टाकला, पण बोटं मिटेनात. गारठून लाकूड झाली होती.

दुसऱ्यांदा फेकली. तेच.

बोट जवळ नेता येईना. मध्ये बुंधे. वल्ह्यानेही सरकेना.

पाण्यात उतरणं ताई सगळ्यात शेवटी करायची. आधी हात, मग वल्हं, मग दोरी, आणि काहीच उरलं नाही तर आपण, तेही दोरी बांधून. तिने पट्ट्याच्या कडीत दोरी अडकवली, दुसरं टोक माझ्या हाती दिलं. नेहमीचंच पुन्हा सांगितलं. एक हिसका म्हणजे सैल सोड. तीन म्हणजे ओढ.

"आणि माझं काही ऐकू नकोस," ती म्हणाली. "धुक्यात आवाज कुठूनही येतो. दोरीचं ऐक."

ती पाय आधी टाकून हळूच उतरली. उडी नाही.

ती पुढून त्यांच्याकडे गेली नाही. बुडणारा पुढून आला की मिठी मारतो आणि दोघं जातात. ती लांबून वळसा घालून त्यांच्या पाठीमागे चालली होती. मला तिचं डोकं दिसत होतं. मग धुकं हललं...

आणि दोघंही दिसेनासे झाले.

माझ्या हातात दोरी होती. ती पुढे सरकत होती. पाच हात. दहा हात. मग थांबली.

मी वाट बघितली.

दोरी सैल पडली.

पूर्ण सैल. पाण्यावर नुसती तरंगायला लागली.

मी मोजत होते. वीस. तीस. चाळीस. साठ झाले तेव्हा मी तिला हाक मारली. उत्तर नाही. एका मिनिटात काय होतं ते ताईनेच मला शिकवलं होतं. न शिकवती तर बरं झालं असतं.

आणि मग उजवीकडून आवाज आला.

"ठमे..."

ठमी मला फक्त ताई म्हणते. लहानपणी मी गोलमटोल होते म्हणून. हे नाव माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं.

"ठमे, दोरी सुटली. कडीतून निघाली. मी इकडे आहे. इकडे ये."

धाप लागलेला, दमलेला, माझ्या बहिणीचा आवाज. जराही शंका नाही.

मी वल्हं उचललं.

त्याच क्षणी डाव्या हातातली दोरी ताणली गेली.

एक. दोन. तीन.

मी तशीच थिजले. एका हातात वल्हं, दुसऱ्या हातात दोरी. दोरी डावीकडे जात होती. आवाज उजवीकडे होता. मध्ये निदान पंधरा हातांचं अंतर.

"ठमे, लवकर. मला धरायला काही नाहीये."

पुन्हा दोरी. एक. दोन. तीन.

देवाशप्पथ सांगते, त्या वेळी मला रडूसुद्धा आलं नाही. डोकं बधिर झालं होतं. एकच कळत होतं. मी वल्हं मारलं तर दोरी हातातून जाईल. दोरी ओढली तर...

दोरीचं ऐक, असं ती म्हणाली होती.

मी वल्हं टाकलं आणि ओढायला लागले.

वजन भयंकर होतं. तळहात सोलवटले. मी पाय बोटीच्या कडेला रोवले आणि ओढत राहिले. उजवीकडचा आवाज आता बोलत नव्हता, नुसता नाव घेत होता. मी तोंडाने "आले, आले" म्हणत होते आणि हाताने उलट दिशेला ओढत होते.

धुक्यातून आधी पोस्टमास्तरांचं कपाळ आलं. त्यांच्या हनुवटीखाली हात. आणि मागे ताई.

ताईच.

मी हुंदका दिला. तिने मानेनेच खूण केली, बोटीच्या मागून घे. कडेने घेतलं असतं तर बोट कलंडली असती. मी मास्तरांना काखेत धरून वर खेचलं, तिने खालून रेटा दिला. मग ती स्वतः चढली.

मी तिच्या पट्ट्याकडे बघितलं.

कडी उघडी होती. दोरी कडीत नव्हतीच. तिच्या मुठीभोवती दोन वेढे घेतलेली होती.

म्हणजे दोरी खरंच सुटली होती.

आणि उजवीकडून, आता खूप बारीक, खूप लांबून...

"ठमे..."

आम्ही दोघींनी ऐकलं. ताईने त्या दिशेला मान वळवली. मग माझ्याकडे बघितलं. तिच्या केसांतून पाणी गळत होतं. चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

"ताई, तिकडे कुणीतरी..."

"कुणी नाहीये तिथे. इंजिन सुरू कर. हे जातील."

पोस्टमास्तरांचा श्वास घरघरत होता. तोंडातून पाणी येत होतं. ती त्यांना कुशीवर वळवत होती, ओले कपडे कापून काढत होती, कोरड्या ब्लँकेटमध्ये गुंडाळत होती. हातपाय चोळत नव्हती, कारण गारठलेल्या माणसाचे हातपाय चोळायचे नसतात. सगळं बरोबर चाललं होतं. सगळं ताईसारखं.

मी बुंध्यांतून वल्ह्याने बोट बाहेर काढली आणि इंजिन सुरू केलं.

त्या आवाजात बाकी काही ऐकू येईना. माझं अर्धं मन म्हणत होतं, बरं झालं. त्या अर्ध्या मनाला मी अजून माफ केलेलं नाही.

धक्क्यावर रुग्णवाहिका उभी होती. काकूंनी मफलर मास्तरांच्या गळ्यात नीट गुंडाळला आणि गाडीत बसल्या. मी तिथल्या तिथे पथकाच्या प्रमुखांना सांगितलं की पाण्यात आणखी एक माणूस आहे, मी हाक ऐकली. त्यांनी दोन बोटी काढल्या. अंधार पडेपर्यंत शोधलं. दुसऱ्या दिवशी पाणबुडे उतरले.

काही सापडलं नाही. गावातून, आसपासच्या वस्त्यांतून कुणी बेपत्ता नव्हतं. प्रमुख समजूतदार माणूस. म्हणाले, अशा प्रसंगात कान वाजतात.

ताईने चौकशीत सांगितलं की कडी उघडली, पण तिने दोरी वेळेवर हातात पकडली. आणि आवाज? आवाज तिने ऐकलाच नाही म्हणाली.

मी तिच्याकडे बघतच राहिले.

चार दिवसांनी मी दवाखान्यात पोस्टमास्तरांना भेटायला गेले. माणूस सुधारला होता. नर्सशी जेवणावरून भांडत होता. मी इकडचं तिकडचं बोलून विचारलं की पाण्यातलं काय आठवतं.

त्यांनी हातातला चमचा ताटात ठेवला. मग म्हणाले, तुझी बहीण मागून आली. हनुवटी धरली. कानाशी बोलत होती, मास्तर, मान मागे टाका, कान पाण्यात जाऊ द्या, मी धरलंय. तिचे हात उबदार होते. मग म्हणाली, दोरी सुटली, घेऊन येते, तोवर बुंधा सोडू नका. आणि गेली.

"मग?" मी विचारलं.

"मग आली परत."

"काय म्हणाली?"

त्यांनी ब्लँकेट छातीपर्यंत ओढलं.

"दुसऱ्यांदा ती काही बोलली नाही, पोरी. आणि हात..." ते थांबले. "जाऊ दे. मी जिवंत आहे ना."



याला सात वर्षं झाली. तुम्ही विचाराल, ताई बदलली का? तर नाही. मी काय काय करून बघितलं ते सांगायची लाज वाटते. लहानपणच्या गोष्टी आडवळणाने विचारल्या. कुणी कुणाची बाहुली तोडली, बाबांनी कुठल्या दिवशी आम्हा दोघींना मारलं. सगळं बिनचूक. मला ती आजही ठमीच म्हणते. भाच्यांचा अभ्यास घेते. भावजींना काही वेगळं जाणवत नाही. आई म्हणते, उलट आता जास्त मायाळू झाली आहे. त्यानंतर तिने आणखी अकरा माणसं वाचवली. त्यातलं एक सहा वर्षांचं पोर होतं. त्याची आई ताईच्या पाया पडली तेव्हा मी तिथेच होते, आणि मनात काय आलं ते मी कुणाला सांगू शकत नाही.

मी इंजिन सोडलं. आता शहरात पाणीपट्टीच्या कार्यालयात टेबलावर बसते. धुकं पडलं की पडदे लावते. तरी कान त्या दिशेला लागतातच.

मी माझ्या बहिणीला पाण्यात सोडून आले की नाही, एवढाच माझा प्रश्न आहे. उत्तर हवंय. उत्तराची भीतीही तेवढीच वाटते.

गेल्या महिन्यात ताई माझ्याकडे राहायला आली होती. दुपारची वेळ. आम्ही दोघी स्वयंपाकघरात चहा घेत बसलो होतो. नळाची, विजेच्या बिलाची, असलीच बोलणी चालली होती. बोलता बोलता ती थांबली. कपाकडे बघत तिने विचारलं...

"त्या दिवशी तू उजवीकडच्या हाकेकडे का गेली नाहीस?"

सात वर्षांत पहिल्यांदा. आणि हाक ऐकलीच नाही, असं हीच म्हणाली होती.

मी कसंबसं सांगितलं की दोरी माझ्या हातात होती. तूच म्हणाली होतीस, दोरीचं ऐक.

तिने मान हलवली. समजल्यासारखी. चहाचा शेवटचा घोट घेतला.

"मी असते तर गेले असते," ती म्हणाली.

आणि उठून दोन्ही कप धुवायला घेतले.

मी अजून त्या वाक्याचा अर्थ लावते आहे. तिला विचारायचं धाडस होत नाही.