रांगेत अडकलेले नऊ मेल

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी यातलं एक अक्षरही पदरचं घातलेलं नाही. ज्यांच्याबाबतीत हे घडलं त्या माझ्या सख्ख्या नणंदबाई. घरात त्यांना अजून 'वन्सं' म्हणणारी मी एकटीच. बाकी सगळ्यांना वाटतं, कम्प्युटरवाल्या बाईला असली जुनी हाक शोभत नाही.

वन्सं छोट्या कंपन्यांचे मेल सर्व्हर सांभाळतात. ज्यांना आपला मेल आपल्याच मशीनवर ठेवायचा असतो, अशा लोकांचं काम. भुताखेताचं नाव काढलं तर हसून सोडणाऱ्या त्या बाई.

दिवस रविवारचा. वेळ भर दुपारची, साडेबारा. बाहेर लख्ख ऊन.

जागा म्हणजे चष्म्याच्या काचा घासून देणारं एक वर्कशॉप. पुढे घासायची चाकं, सगळ्यावर काचेची पांढरी पूड. मागे एक बिनखिडकीची खोली, थंड हवेचं मशीन कायम चालू. त्या खोलीत एका लोखंडी रॅकवर सर्व्हर.

चष्म्याच्या दुकानांच्या ऑर्डरी या मेलवर यायच्या. पंधरा दिवसांपासून वर्कशॉपचा एकही मेल बाहेर जात नव्हता. जाईल तिथून परत. दोन मोठी दुकानं तुटली होती.

"मॅडम, काय ते एकदाचं निस्तरा," मालकीणबाई म्हणाल्या. "आज सुट्टी आहे, कुणाची अडचण नाही. मी घरी जाते. काम झालं की किल्ली टपालपेटीत टाका."

"हा सर्व्हर बसवला कुणी?"

"मास्तरांनी. आधी शाळेत शिकवायचे, मग आमच्याकडे आले. याच खोलीत बसायचे." मालकीणबाईंनी आतल्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "चार महिने झाले. खुर्चीत बसल्या बसल्याच गेले. हार्ट अटॅक. सोमवारी सकाळी शिपायाला दिसले."

त्या गेल्या. वन्संनी फोन बाहेरच्या टेबलावर चार्जिंगला लावला, लॅपटॉपही तिथेच ठेवला. नेटवर्कच्या सेटिंगला हात घालायचा तर सर्व्हरच्याच स्क्रीनसमोर बसलेलं बरं, ही त्यांची सवय. आत गेल्या. दार मागे अर्धवट लोटलेलं राहिलं.

रोग लगेच सापडला. मास्तर गेले तरी त्यांचं खातं कुणी बंद केलं नव्हतं. पासवर्ड लेचापेचा. कुणा चोराला तो लागला आणि त्याने त्या खात्यातून हजारो भिकार जाहिराती जगभर धाडल्या. म्हणून बाकीच्या सर्व्हरांनी वर्कशॉपला काळ्या यादीत टाकलं होतं.

वन्संनी मास्तरांचं खातं बंद केलं. सगळ्यांचे पासवर्ड बदलले. तीनदा चुकीचा पासवर्ड टाकणाऱ्याला हाकलून देणारा पहारा बसवला. चोर आणखी काय करून बघतोय ते कळावं म्हणून, चुकलेले पासवर्डही लॉगमध्ये, म्हणजे मशीनच्या नोंदवहीत, उमटतील असं तात्पुरतं करून ठेवलं.

मग लॉग उघडून बसल्या. स्क्रीनवर एकेक ओळ सरकत होती. परक्या देशांतले चोर येत होते, तीनदा आपटत होते आणि बाहेर पडत होते. वन्संना बरं वाटलं.

हळूहळू ओळी थांबल्या.

आणि मग...

टक. टक-टक. टक.

रॅकच्या मागून आवाज आला. पंखा घासत असेल, असं त्यांना वाटलं.

आवाज थांबला. स्क्रीनवर एक ओळ उमटली.

खातं मास्तरांचं. पासवर्ड चुकीचा. आणि कुठून आला, त्या जागी बाहेरचा कुठलाच पत्ता नव्हता. तो याच मशीनवरून आला होता.

पुन्हा टक-टक. हळू, थांबत थांबत, दोन बोटांनी टाइप करावं तसं. पुन्हा ओळ.

कीबोर्ड एकच होता. तो वन्संच्या समोर होता, आणि त्यांचे हात मांडीवर होते.

मशीनमध्येच काहीतरी घुसलंय, म्हणून त्यांनी नेटवर्कची केबल उपटली. चोराचा रस्ताच बंद.

टक. टक-टक.

ओळ आलीच.

तीनदा चुकलं तरी पहाऱ्याने अडवलं नाही. आता वन्संनी पासवर्डच्या जागी नीट पाहिलं. अक्षरं इंग्रजी होती, पण शब्द मराठी.

दारउघडा

त्यांनी झटकन मान वळवली.

दार लागलेलं होतं.

लागल्याचा आवाज त्यांनी ऐकला नव्हता. उठून मूठ फिरवली. ती नुसतीच गोल फिरली. खांदा लावला, लाथ मारली, हाका मारल्या. बाहेर रविवार होता. सोमवार सकाळपर्यंत तिथे चिटपाखरूही येणार नव्हतं. आणि फोन त्या बाजूला.

वन्सं परत येऊन स्क्रीनसमोरच्या खुर्चीत बसल्या. थंड हवेच्या मशीनची घरघर चालू होती, तरी श्वास अपुरा पडायला लागला. याच खोलीत... याच खुर्चीत...

रॅकच्या मागून टक-टक सुरू झाली. या वेळी घाईघाईने.

ओळ उमटली.

मागेबघूनका

त्या मला सांगत होत्या, "वहिनी, मानेवर कुणीतरी गार हात ठेवावा तसं झालं. पण मी नाही बघितलं. मरण आलं असतं तरी बघितलं नसतं."

एकच वाट उरली होती. त्यांनी केबल परत लावली आणि सर्व्हरवरूनच मालकीणबाईंना मेल लिहिला. आत अडकले आहे, लगेच या. मालकीणबाईंचं खातं याच सर्व्हरवर होतं, त्यामुळे काळ्या यादीची अडचण नव्हती.

मेल गेला नाही. निघायच्या मेलच्या रांगेत पडून राहिला.

वन्संनी रांग उघडली. त्यांच्या मेलवर 'रोखून ठेवा' अशी खूण होती. ती खूण आपोआप पडत नाही, माणसाने हाताने टाकावी लागते.

त्यांनी आपला मेल सोडला. क्षणात पुन्हा रोखला गेला. पुन्हा सोडला. पुन्हा तेच.

आणि त्यांच्या मेलच्या वर आणखी नऊ मेल तसेच रोखलेले होते. सगळे मास्तरांचे. सगळे मालकीणबाईंना. चार महिन्यांपूर्वीच्या एकाच रविवारचे.

नुसता अडकलेला मेल पाच दिवसांत परत फिरतो. हे कुणीतरी हाताने रोखलेले, चार महिने तिथेच होते.

टक-टक आता रॅकच्या मागून नव्हती येत. खुर्चीच्या मागून येत होती.

वन्संनी डोळे स्क्रीनवरून हलवले नाहीत. दहाच्या दहा मेल एकदम सोडायचा हुकूम टाइप केला. तीनदा चुकला. चौथ्यांदा नीट आला.

रांग रिकामी झाली.

आवाज थांबला...

त्यानंतर सतरा मिनिटं त्या हलल्या नाहीत. स्क्रीनच्या कोपऱ्यातलं घड्याळ बघत बसल्या, कारण दुसरीकडे बघायची छाती नव्हती.

दार उघडलं. मालकीणबाई घरातल्याच कपड्यांत धावत आल्या होत्या.

"अहो, अडकलात कशा? दार तर नुसतं लोटलेलं होतं."

 वन्संनी त्यांना हात धरून रस्त्यावर, उन्हात आणलं.  मालकीणबाईंनी फोन पुढे केला.

"आधी हे आले. मग तुमचा."

वन्संनी उन्हात उभं राहून ते नऊ मेल वाचले. एकेका ओळीचे.

*दार लागलं आहे. बाहेरून कुणीतरी उघडा.*

*फोन बाहेर राहिला.*

*रॅकच्या मागे टकटक होते आहे. उंदीर असेल.*

मग पाच वेळा नुसतं, *दार उघडा.*

नववा मेल दोन शब्दांचा होता.

*उंदीर नाही.*

मालकीणबाई तिथेच पायरीवर बसल्या. म्हणाल्या, "शिपाई म्हणाला होता, दार उघडंच होतं म्हणून. मी जास्त विचारलंच नाही हो."

पुढे वर्कशॉपने मेल बाहेरच्या सेवेवर नेला. रॅक हलवला तेव्हा वन्सं मुद्दाम फाटकाबाहेर उभ्या राहिल्या. हमाल म्हणाला, रॅक भिंतीला अगदी चिकटून होता, मागे बोट शिरायलाही जागा नव्हती.

मशीन भंगारवाल्याकडे गेलं. वन्संना ते मोडलेलं डोळ्यांनी बघायचं होतं, म्हणून तिसऱ्या दिवशी त्या त्याच्या दुकानात गेल्या.

"ते होय?" भंगारवाला म्हणाला. "ते कसलं मोडतोय, चालू मशीन. दुसऱ्याच दिवशी विकलं. एका ऑफिसवाल्याने नेलं, मेलसाठीच हवं म्हणाला."

कोणतं ऑफिस, ते त्याने विचारलं नव्हतं.

वन्संनी त्या भागातली किती ऑफिसं पालथी घातली, त्याला हिशेब नाही. मशीन मिळालेलं नाही. ते कुठेतरी चालू आहे, एवढंच त्यांना माहीत आहे.