कोकिळेचं मत

"शहर बरं की खेडं..." मलकापूरच्या कापूसबाजारात बापाच्या गाडीला टेकून कोकिळा आपला इंग्रजी निबंध पुटपुटत होती. मॅट्रिकला ती एकदा इंग्रजीत नापास झाली होती. यंदाही हुकली, तर कुठल्या कुठं असलेल्या बीबी गावचं स्थळ पक्कं, असं बापानं, नारायणरावांनी, बजावलं होतं.

शेजारच्या गाडीवर कापसात रेलून कुणीतरी हसलं.

"हसता काऊन?"

"निबंधात तुमचे बाबा म्हणतात खेडं, मामा म्हणतात शहर, मावशी म्हणते विहिरीले पाणी असंन ते गाव." तो खाली उतरला. दाताळा गावचा हिंमत, मॅट्रिक होऊन शेती पाहणारा. भुवईवर कापसाचा पांढरा पुंजका चिकटलेला. "अन् तुमी काय म्हणता?"

आता हा काय प्रश्न झाला? थोरांचं सांगावं आणि शेवटी 'वडील ठरवतील ते खरं' म्हणून मोकळं व्हावं, हे तर घरचं वळण. निबंधही तिनं तसाच उरकला होता.

"म्हणून मार्क गेले," हिंमत म्हणाला. "पहिल्याच वाक्यात आपलं मत ठोकायचं. मंग कारणं, एका परिच्छेदात एक, दाखल्यासंगं. मंग दुसऱ्याचं म्हणणं मांडून त्याले उत्तर द्यायचं... पळायचं नाही. शेवटी आपलं मत पुन्हा, जोरानं."

"लय मास्तरकी करून राह्यले तुमी."

"फी मांगतली का?"

त्या हंगामात दर बाजाराला दोन्ही गाड्या शेजारीच लागू लागल्या. बैल आपोआप तिथंच थांबतात, असं हिंमत सांगायचा. कोकिळेचे निबंध सुधारले, पण तिचं चित्त काही थाऱ्यावर राहिलं नाही.

आणि एके दिवशी नारायणराव म्हणाले, "बीबीचे पाव्हणे परीक्षेच्या आधीच येऊन राह्यले. तुले काय वाटते?" विचारलं आपलं विचारायचं म्हणून.

शेजारी कडबा टाकणारा हिंमत थबकला.

"मले हिंमतरावांशी लगन करायचं हाये, बाबा." कोकिळेचा शब्द अडखळला नाही. "ते माझं मत इचारतात, अन् मी बोलतो तवर थांबतात. आजवर कोणी थांबलं नाही. अन्... मले ते आवडतात."

"लोक काय म्हणतीन?"

"म्हणतीन, पोरगी शिकून चढली. पण मी चोरून काही केलं नाही, तुमच्याच गाडीपाशी बोलली. म्हणून तुमालेच सांगून राह्यली. करीन त यायच्याशीच करीन."

नारायणराव बैलाच्या पाठीवर थाप मारून उभे राहिले. मग हिंमतकडे वळले. "अन् तुमचं हो?"

"आमचे बाबा म्हणतात..." मास्तरांची बोबडी वळली. कोकिळेनं डोळे वटारले, तेव्हा कुठं तो म्हणाला, "मले कोकिळाच पायजे."

"बीबीले नाही म्हणून कळवतो," नारायणराव म्हणाले. "पण एक हाये. इंग्रजीत पास झाल्याबिगर हळद लागणार नाही."

हिंमतनं कडब्याची पेंढी तशीच खाली टाकली. "चला, नवा विषय घ्या लिहायले," तो कोकिळेला म्हणाला आणि ती वही उघडायच्या आधीच तिच्या पेन्सिलीला टोक करायला लागला.