विरजणापुरता आवाज

दार उघडलं तर समोर फुगेच फुगे. लाल, पिवळे, निळे... आणि त्यांच्या खाली चिखलाने माखलेले दोन बूट.

"चर्चची किल्ली इथेच मिळते ना?" फुग्यांच्या मागून आवाज आला.

"मिळते. पण चर्चमध्ये फुगे नेऊन करणार काय?"

"फोडणार."

इतकं सरळ उत्तर मला आजवर कुणी दिलं नव्हतं. आमच्या गावात चर्चला कायम कुलूप आणि किल्ली शेजारच्या घरी, अशीच पद्धत आहे. शेजारचं घर माझ्या आत्याचं. ती गेल्यावर डिसेंबरात मी इथे राहायला आले, तशी किल्लीही माझ्याकडे आली. कुणी मागितली की द्यायची आणि विसरून जायचं. त्या दिवशी मात्र मी कोट चढवून निघाले. किल्लीच्या काळजीने, असं मी स्वतःला बजावलं.

त्याचं नाव टायमन. उट्रेख्ट शहरातल्या एका छोट्या कंपनीत तो रिव्हर्बचं, म्हणजे आवाजाच्या घुमण्याचं, सॉफ्टवेअर बनवायचा. एखादीने घरी कपाटाकडे तोंड करून गाणं म्हटलं, तरी ऐकणाऱ्याला ती विटांच्या उंच कमानीखाली उभी आहे असं वाटावं, असली जादू. त्यासाठी त्या जागेत एकच मोठा, क्षणभराचा आवाज करायचा आणि तो कसा विरत जातो ते टिपायचं. या नमुन्याला म्हणे इम्पल्स रिस्पॉन्स म्हणतात. मग सॉफ्टवेअर तो गाण्याच्या प्रत्येक सुरात कालवतं. हे सगळं त्याने चालता चालता एका दमात सांगितलं, आणि वारा त्याचे फुगे पळवायला बघत होता.

"म्हणजे विरजण," मी म्हटलं. मी चीजच्या कारखान्यात कामाला, मला दुसरं काय सुचणार? "चमचाभर जुनं घातलं की हंडाभर दुधाला तीच चव."

तो थांबलाच. "इतकी वर्षं मी लोकांना हे समजावतोय... विरजण कसं सुचलं नाही मला?"

"उट्रेख्टात दूध खोक्यातून येतं ना, म्हणून."

तो हसला. हसताना त्याचे कान हलतात हे मला तेव्हाच दिसलं, आणि दिसलं नसतं तर बरं झालं असतं असंही वाटून गेलं.

तेवढ्यात शेजारच्या हार्मीना काकूंनी आम्हाला गाठलं. त्या अंगणात कपडे वाळत घालत होत्या. फुगे पाहताच हातातली चादर तशीच टाकून आल्या. "अगं इमके, आज होय? सांगायचं नाही का! अभिनंदन, पोरी." माझ्या गालांचे तीन मुके घेतले आणि टायमनचा हात धरून गदागदा हलवला. "आणि तुमचंही अभिनंदन हो, इमकेच्या वाढदिवसाचं."

आमच्याकडे वाढदिवस एकाचा असला तरी अभिनंदन घरच्या सगळ्यांचं होतं. आईचं, भावाचं, नवऱ्याचं... आणि नवरा व्हायचा बाकी असेल तर त्याचंही. माझे कान तापले. मी तोंड उघडेपर्यंत टायमन म्हणालासुद्धा, "आभारी आहे."

"हे काय होतं?" वळणापुढे गेल्यावर मी विचारलं.

"त्यांनी इतक्या प्रेमाने अभिनंदन केलं. नाही म्हणणं वाईट दिसलं असतं."

"माझा वाढदिवस नोव्हेंबरात असतो."

"लक्षात ठेवतो," तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला.

चर्चमध्ये त्याने मधोमध माईक उभा केला आणि मला नियम सांगितले. फुगा फुटल्यावर आवाज पुरता विरेपर्यंत हलायचं नाही. खोकायचं नाही, बूट घासायचा नाही, श्वाससुद्धा बेताने.

"आणि बघायचं?"

"बघण्याचा आवाज येत नाही," तो म्हणाला, आणि पहिला फुगा फोडला.

आवाज कमानींकडे झेपावला, वर पसरला, मग हळूहळू खाली उतरत राहिला. किल्ली हाती आल्यापासून मी तो कधी असा ऐकला नव्हता. हलता येईना, बोलता येईना, मग बघणार कुठे? मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने खरं तर यंत्राकडे बघायला हवं होतं, पण तो माझ्याकडेच बघत होता. आवाज विरला, तरी आम्ही दोघं तसेच.

"वारा आला मध्ये," तो घसा साफ करत म्हणाला. "परत घ्यावं लागेल."

मला वारा ऐकू आला नव्हता. दुसऱ्या फुग्याला म्हणे कावळा ओरडला. तिसऱ्याला ट्रॅक्टर. फुगे कमी होत गेले तसा माझा जीव खालीवर व्हायला लागला. फुगे संपले की काम संपणार. सोमवारी तो पुढचा आवाज टिपायला नॉर्वेला निघणार होता, मग आणखी कुठे कुठे. एकदा टिपलेला आवाज पुन्हा टिपायला कोण येतं? आणि मी ही अशी. टोमणे मारायला सदा तयार, पण 'थांब' म्हणायची वेळ आली की जीभ टाळूला चिकटते. शेवटच्या फुग्याला मुद्दाम खोकावं असं फार मनात आलं. खोकले नाही, आणि मग फार वाईट वाटलं.

घरी मी कॉफी केली. पाहुण्याला एक बिस्किट द्यायचं आणि डबा बंद करायचा, अशी आमची रीत. मी डबा उघडाच ठेवला. त्याने ते पाहिलं.

त्याने माझ्या कानांवर हेडफोन चढवले, समोर छोटा माईक ठेवला आणि गा म्हणाला. मी आत्याचं एक अंगाईगीत गुणगुणले... आणि स्वयंपाकघराच्या भिंती कुठे गेल्या कळेना. माझा साधा, घोगरा आवाज कमानींखाली तरंगत होता. डोळ्यांत पाणी आलं.

"कुठल्या फुग्याचा हा?" मी विचारलं.

"पहिल्या."

"त्यात तर वारा होता."

"नव्हता." तो कप फिरवत राहिला. "कावळाही नव्हता, इमके. पहिलाच स्वच्छ आला होता. पण तो विरत असताना तू... तुम्ही माझ्याकडे बघत होतात. मला ते परत हवं होतं. म्हणून फोडत बसलो."

आता बोलायचं होतं मी. शब्द अगदी ओठांपर्यंत आले आणि दारावर थाप पडली.

हार्मीना काकू सफरचंदाचा केक घेऊन उभ्या होत्या. मागे त्यांचे यजमान, त्यामागे फुलं घेऊन समोरच्या घरचे दोघं. सगळे आत शिरले. टायमन लालबुंद होऊन वायरी गुंडाळायला लागला. माझ्या गप्प राहण्याचा त्याने भलताच अर्थ घेतला होता.

"चूक माझी आहे, मी सांगतो त्यांना," तो हळूच म्हणाला. "आणि निघतो."

"काकू," मी म्हटलं, "आज माझा वाढदिवस नाही."

केक काकूंच्या हातातच राहिला. "नाही? अगं, मग मी अभिनंदन केलं ते?"

"माझं केलंत ते परत घ्या." माझा आवाज कापत होता, पण बाहेर पडत होता. "टायमनचं केलंत ते... राहू द्या."

काकूंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि केक टेबलावर ठेवला.

"मग सुरी आणा कुणीतरी," त्या म्हणाल्या, आणि खुर्च्या गोल मांडायला लागल्या.

मी वळले, तर टायमन माझ्याआधीच ओट्यापाशी पोचून सुरी शोधत होता. चुकीचा खण उघडला होता त्याने.

"तो नाही, खालचा," मी म्हटलं. "आणि मला तुम्ही म्हणू नकोस."